साकवाच्या फाटकाची तार

वन्सं, काल तुमचा दहावा झाला आणि कावळ्यानं मला फसवलं.

मी मनाशी ठरवून आले होते. पिंडाला कावळा शिवला नाही की पुढं व्हायचं आणि दोन वर्षं पोटात ठेवलेलं सगळ्यांसमोर बोलून टाकायचं. माणसं असंच करतात. कावळा अडून बसला की कुणी म्हणतं लेकीकडं बघू, कुणी म्हणतं बांधाचं भांडण मिटवू, आणि मेलेल्या माणसाच्या मनातलं नेमकं निघालं की कावळा उतरतो. तुमचा कावळा माझ्यासाठी अडणार याची मला खात्री होती. जिवंतपणी तुम्ही मला एकही गोष्ट सुखासुखी करू दिली नाहीत, मेल्यावर कशाला द्याल? पण घाटावर पिंड ठेवून भटजींनी हात मागं घेतला न घेतला तोच करंजाच्या झाडावरून कावळा आला, भाताला चोच लावली आणि गेला. लोकांनी हात जोडले. "म्हातारीचं कायसुदीक राह्यलं न्हवतं," मागून कुणीतरी म्हणालं. तुमची लेक मंगल तोंडात पदर धरून रडली. मी मात्र एक पाय पुढं टाकून तशीच उभी.

राग आला मला तुमचा. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण म्हणून तीस वर्षं तुमचं ऐकलं, पण कालच्याइतका राग कधी आला नव्हता. मी ठरवलेलं कारणच तुम्ही काढून घेतलंत.

तुमच्याबद्दल बोलायचं म्हणजे साकवाबद्दल, नदीवरच्या आपल्या त्या अरुंद पुलाबद्दल बोलावं लागतं. आपला मळा नदीच्या अलीकडं. शाळा, डेअरी, एसटीचा थांबा, सगळं पलीकडं गावात. मामंजी दर दसऱ्याला बाभळीचे ओंडके टाकून वर माती दाबायचे आणि दर आषाढात नदी ते ओंडके घेऊन जायची, हे तुम्हीच मला सांगितलेलं. तुमचे यजमान गेले आणि तुम्ही मंगलला कडेवर घेऊन माहेरी परत आलात. पोरगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा तुम्ही एकट्या आळेफाट्याला गेलात. तिथं जुने ट्रक मोडतात, त्या गॅरेजच्या दारात दोन दिवस जाऊन बसलात. शेवटी गॅरेजवाला कंटाळला आणि म्हणाला, "मावशे, पायजे तरी काय तुला?" तुम्ही ट्रकच्या चॅसीकडं, खालच्या लोखंडी सांगाड्याकडं बोट दाखवलंत.

"भाऊ, हे हाडूक माणसं पेलंल का?"

"दहा टन पेललंय त्यानं. तुमी किती टनाच्या?"

ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मला पाठ आहे, आणि दर वेळी 'किती टनाच्या'ला तुम्ही स्वतःच आधी हसायच्या. तीन ट्रकांच्या तीन चॅसी, दगडी खांबांवर एकापुढं एक जोडलेल्या, वर शहाबादी फरशा. समोरून कुणी आलं की अंग चोरावं लागे. मी नवरी होऊन आले तेव्हा कठडाही नव्हता. खाली कुकडी नदीला भरपूर पाणी. मी शालू आवळून मधेच थांबले, पाय उचलेना. वऱ्हाडातल्या बायका हसत होत्या. तुम्ही मागं वळलात आणि दटावून म्हणालात, "खाली बघू नगं. माज्या पाठीकडं बघ नि ये." मी तुमच्या पाठीकडं बघत आले. विटक्या चोळीवर घामाचा डाग होता, तो अजून आठवतो. सासरी मला पहिला हात तुम्ही दिलात, पण तोही रागावूनच.

मग धरणाचं पाणी आलं, ऊस आला आणि उसामागं वाघ आला. शहरातले लोक त्याला बिबट्या म्हणतात, आपण वाघच म्हणतो. सकाळी साकवाच्या फरशांवर चिखलाचे पंजे उमटलेले असायचे. म्हणजे दिवसभर आपण जायचो आणि अंधारात तो जायचा. त्यालाही पाण्यात पाय घालायला आवडत नसणार. शाळेची पोरं यायच्या आधी तुम्ही बादलीभर पाणी मारून ते पंजे धुऊन टाकायच्या. मला म्हणायच्या, "बोलू नगंस कुणाला." बरीच वर्षं असं निभावलं. मग एका दिवेलागणीला शेजारच्या कांताबाई शेळीचं करडू उचलून साकवावरून येत होत्या आणि वाघानं करडाला तोंड घातलं. कांताबाईंनी करडू सोडलं नाही. त्यांच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत टाके पडले.

त्यानंतरच्या ग्रामसभेत तुम्ही उभ्या राहिलात. "वाघासाठी पिंजरा लावता, धरून न्येता, दुसरा येतो. आता माणसांसाठी पिंजरा करा. साकवाला वरनं पत्रा, बाजूनं जाळी, दोन्ही टोकाला फाटक." सरपंच हसले. "हसू नका राव," तुम्ही म्हणालात, "तुमची सून गाडीवर जाती. आमच्या पोरी चालत जात्यात."

आणि मग मी उठले. अंगणवाडीच्या कामाशिवाय ग्रामसभेत मी तोंड उघडलं नव्हतं, आणि उघडलं ते तुमच्याविरुद्ध. मी म्हणाले, "ती त्याची बी वाट हाय. ती बंद केली तर तो कुठनं जाईल? उतारावरनं, पाणी कमी हाय तिथनं. आन् उताराच्या तोंडावर आमचा गोठा हाय." तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की पुढचं वाक्य मी गिळलं. घरी आल्यावर म्हणालात, "वाघाची वकिली करायला आणली व्हती का तुला ह्या घरात?" आठ दिवस माझ्याशी बोलताना तुम्ही भिंतीकडं तोंड करून बोलायच्या. मीही कमी नव्हते. भिंतीलाच उत्तर द्यायचे.

साकव झाकला गेला. बंद पडलेल्या पोल्ट्रीचे पत्रे आले, जाळी आली, आळेफाट्याहून वेल्डर आला. दोन्ही टोकांना फाटकं बसली. पंजानं कडी उचलली जाईल म्हणून कडीवर तार गुंडाळायची, तीन पीळ. फाटकाजवळ लोखंडाचा तुकडा टांगला. आत शिरण्याआधी त्यानं फाटकाच्या पाइपवर तीन ठोके द्यायचे, आत जनावर असलं तर दुसरीकडून निघून जावं म्हणून. आणि कुणालाही फाटक उघडं दिसलं की त्यानं तार लावायची, विचारायचं नाही. हे सगळं तुम्ही ठरवलंत. शेवटचा माणूस परतला की तुम्ही स्वतः दोन्ही फाटकं बघून यायच्या. लोक 'वन्संचा पिंजरा' म्हणू लागले. तुम्हाला ते आवडायचं, वरून तोंड वाकडं करायच्या तरी. आणि खरं सांगायचं तर पोरी निर्धास्त जायला लागल्या. मंगलच्या वेळेला हे असतं तर, असं तुम्ही एकदा म्हणालात.

पण माझंही खरं ठरलं. वाघ उतारावरून यायला लागला. पहिल्या महिन्यात कालवड गेली. मी तुम्हाला दाव्याचा तुटका तुकडा दाखवला. तुम्ही म्हणालात, "गोठ्याला बी जाळी लाव." गोठा दोन्ही बाजूंनी उघडा, वर पाचट, जाळी ठोकायची कशाला? पुढच्या महिन्यात दुसरं वासरू गेलं. चार दिवसांचं होतं. गाय रात्रंदिवस हंबरायची आणि तुम्ही मात्र रोज संध्याकाळी तीन पीळ मारून ऐटीत परत यायच्या. मला तुमच्या त्या चालण्याचाही राग यायला लागला.

वन्सं, मी तार काढली.

तुम्ही फाटकं बघून घरात आलात की मी हंडा घेऊन नदीकडं जायचे. दोन्ही टोकांच्या तारा सोडायचे, फाटकं ढकलून ठेवायचे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून परत तीन पीळ मारायचे, फरशांवरचे पंजे तुमच्यासारखेच धुवायचे. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत गोठ्याकडं काही फिरकलं नाही. मला वाटलं, माझंही साधलं, तुमचंही साधलं. दिवसा तुमचा साकव, अंधारात त्याचा. मी मनात तुम्हाला हरवलं होतं आणि तुम्हाला ते माहीतही नव्हतं, याची मजा वाटायची. हेही सांगते, लपवत नाही.

बाराव्या दिवशी मला जाग आली नाही. आजारी नव्हते, दमले नव्हते. जाग आली नाही, एवढंच.

डेअरी उघडायला आलेल्या माणसाला गावाकडचं फाटक उघडं दिसलं. त्यानं तुमच्या नियमाप्रमाणं तार लावली, तीन पीळ, आणि गेला. त्यानंतर वाघ आपल्या बाजूनं आत शिरला आणि पुढं बंद बघून अडकला असणार. तुम्ही दुधाची किटली घेऊन गेलात. फाटक उघडं होतं, पुढं कुणी गेलं असेल असं तुम्हाला वाटलं. तरी तुम्ही पाइपवर तीन ठोके दिलेत. तुम्ही नियम कधी मोडला नाहीत. ते ठोके मी अंथरुणात ऐकले. एक, दोन, तीन. आणि मला आठवलं. मी उठून धावले तोवर तुमची किंकाळी आली. त्याला बाहेर पडायला तुमचीच बाजू उरली होती. तो तुमच्या अंगावरून गेला. डावा कान, खांदा, पाठ. मी पोचले तेव्हा तुम्ही जाळीला धरून बसला होतात आणि सांडलेल्या दुधाकडं बघत होतात. मला म्हणालात, "किटली उचल."

नारायणगावच्या दवाखान्यात वनखात्याचा माणूस वही घेऊन आला. फाटक कुणी उघडं ठेवलं, त्यानं विचारलं. मी तुमच्या पायाशी उभी होते. तुम्ही वर पंख्याकडं बघत म्हणालात, "म्याच इसरले तार लावायला. वय झालं आता."

वन्सं, तुम्ही विसरणाऱ्यांतल्या नव्हता. मंगलला पहिला दात कोणत्या वारी आला ते तुम्हाला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी तुम्ही तार लावलीत हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. मग कुणाला वाचवलंत? मला, की साकवाला? वाघासाठी फाटक मुद्दाम सोडलं हे कळलं असतं तर लोकांनी पत्रे उपटून टाकले असते. का तुम्हाला खरंच वाटलं की आपण विसरलो? पहिले सहा महिने मी तुमच्या तोंडाकडं बघत काढले. तुम्ही ताकास तूर लागू दिली नाही.

गाव मात्र बोललं. म्हातारी इसरभोळी झाली. ज्या बाईनं साकव उभा केला, तिला लोक समोरून आले की मोठ्यानं नाव सांगायला लागले, "मी अमक्याची सून, वळखलं का?" तुम्ही ऐकून घ्यायच्या. नाकावर माशी बसू न देणाऱ्या तुम्ही. फाटकाचं काम तुमच्याकडून काढून घ्यायचं ठरलं, आणि दिलं कुणाला? मला. तुम्ही ग्रामसभेत खांद्याला पट्टा बांधून बसला होतात. म्हणालात, "कुसुम नीट करील." सगळ्यांनी माना हलवल्या. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी वाघावरून एकदाही भांडला नाहीत. मला भांडण हवं होतं. मी मुद्दाम विषय काढायचे, तुम्ही शेंगा सोलत राहायच्या. आणि मागच्या उन्हाळ्यात तुम्हीच उभ्या राहून म्हणालात, "साकवाच्या खालच्या अंगाला, गोठ्यापास्नं लांब, दगडांची एक वळ टाका पाण्यातनं पार पलीकडं. त्येला बी वाट पायजे." माझंच वाक्य. माझ्याकडं न बघता तुम्ही ते मला परत दिलंत, आणि ग्रामसभेचं इतिवृत्त लिहायला मीच बसले होते, मान खाली घालून ते लिहून घेतलं. दगड पडले. वाघ आता तिकडून जातो. गोठ्याला त्रास नाही, साकवाला नाही. आधीच एकमेकींचं ऐकलं असतं तर तुमचा कान शाबूत राहिला असता, एवढी साधी गोष्ट होती ती.

तुम्हाला ताप भरला तेव्हा मी रोज उशाशी बसायचे. एका संध्याकाळी घरात दोघीच होतो. मी म्हणाले, "वन्सं, एक बोलायचंय." तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "दिवे लागायची येळ झाली. फाटक बघून ये जा." मी उठले. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं. परत आले तोवर तुमचा भाऊ आला होता. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

म्हणून काल कावळ्यावर सगळं सोडलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटत होतं की घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कावळा शिवल्यावर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच चांगलं बोलले. साकवाला तुमच्या नावाची पाटी लावणार म्हणाले. आणि बोलता बोलता हसून म्हणाले, "एकदा तार लावायला इसरल्या आमच्या वन्सं. पर एवढा साकव दिला, तवा ती एक चूक गावानं पोटात घातली."

पोटात घातली! गावानं!

मी कधी उठले ते कळलं नाही. माइक हातात घेतला. "वन्सं इसरल्या न्हवत्या," मी म्हणाले. "तार म्या सोडली. अकरा दिवस सोडत व्हते, वाघाला जायला. बाराव्या दिवशी झोपून राह्यले." एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता कुणीतरी दगड उचलेल, शिवी देईल.

पुढच्या रांगेतून कांताबाई उठल्या, मला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. "लई जीव व्हता गं तुजा त्यांच्यावर." प्रवचनकार बुवा माइकवरून म्हणाले, "नणंदेचा दोष भावजय स्वतःवर घेते, हे प्रेम कुठं बघायला मिळतं?" बायका रडायला लागल्या. "न्हाई वो, खरंच सांगतीय," मी म्हणत होते, आणि म्हणेन तितक्या त्या जास्त रडत होत्या. तुमच्या भावानं माझा दंड धरला आणि मला बाजूला नेलं. "गप. लोकं हायेत." ते एवढंच म्हणाले आणि परत पाहुण्यांत जाऊन बसले. तुम्ही खोटं एवढं पक्कं लावून ठेवलंत वन्सं, की खऱ्याला आत यायला फट राहिली नाही.

फक्त मंगल रडत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर ती स्वयंपाकघरात आली. मी चहा टाकला होता. तिला सासरी लोणीला परत जायचं होतं, शेवटची एसटी गाठायची होती. ती दाराशीच उभी राहिली.

"मामी, दोन्ही फाटकं सोडायचीस?"

"दोन्ही."

"आन् ठोके ऐकले तवा तू कुठं व्हतीस?"

"अंथरुणात."

"आईला ठावं व्हतं?"

"न्हाई सांगता येत. मला वाटतं, व्हतं."

तिनं मान हलवली. "मी दोन वर्सं फोनवर तिला म्हणत व्हते, आये, गोळ्या घे डोक्याच्या, इसरायला लागलीस तू." तिचे ओठ तुमच्यासारखे झाले, रागावल्यावर व्हायचे तसे. मी कपात चहा ओतला. तिनं पिशवी उचलली. लहानपणापासून माझ्या हातचं खाल्लेली पोर, बाळंतपणाला इथं आलेली. कप तसाच राहिला.

उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून ती म्हणाली, "जाते."

माहेराहून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. तिला हे मी शिकवायला नको. मी ओट्यावर येऊन उभी राहिले. तिनं फाटकाशी तीन ठोके दिले, तार सोडली, आत शिरली, आतून परत तार लावली, पत्र्याखालून चालत गेली. पलीकडच्या फाटकाला तीन पीळ मारले, आणि गावाच्या रस्त्याला लागली. वळून बघितलं नाही. तुम्ही वळून बघितलं असतं, वन्सं, आणि रागावून का होईना, मला माफ केलं असतं. ते मला सोसलं नसतं, म्हणून तर तुम्हाला सांगता आलं नाही.